फितीआडचा हत्ती

खिंडीपलीकडे एक लहानसं गाव होतं आणि त्या गावात एक गुरुजी होते. त्यांचं नाव रंगनाथ. शाळा एका खोलीची आणि शिकवायला गुरुजीही एकटेच. पहिलीपासून चौथीपर्यंतची सगळी पोरं त्या एका खोलीत दाटीवाटीनं बसत. पहिली पाढे म्हणू लागली की चौथीला कविता ऐकू येत नसे. आणि पाऊस लागला की कुणालाच काही ऐकू येत नसे, कारण वर पत्रा होता.

गुरुजी माणूस सरळ. कष्टाला मागं न हटणारा. एक फळा, चार खडू आणि थोरल्या भावंडांकडून धाकट्यांकडे आलेली फाटकी पाठ्यपुस्तकं एवढ्या भांडवलावर ते शिकवत. त्यांना हाव अशी एकाच गोष्टीची होती, शाळेला आणखी एक खोली मिळावी. आणि खोड म्हणाल तर तीही एकच. रीत मोडलेली त्यांना खपत नसे. हार कुणाला आधी घालायचा, नारळ कुणी वाढवायचा, खुर्ची कुणाची कुठं, यात त्यांच्याकडून कधी चूक झाली नाही. "ज्याचा मान त्याला," हे त्यांचं पालुपद.

त्याच गावात चंद्राक्का नावाची कासारीण राहायची. म्हातारी, एकटी. लेक सगुणा लांबच्या गावी दिलेली. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन आक्का खिंड ओलांडायची आणि तालुक्याच्या गावात घरोघर बांगड्या भरायची. तिच्या हाताला गुण होता. कितीही जाड मनगट असो, ती हात असा दाबायची की बाईच्या तोंडून हूं की चूं निघायच्या आत बांगडी जागेवर बसलेली असे. बांगड्या भरून झाल्या की घरातली बाई पैशांबरोबर पसाभर धान्य सुपात घालून तिच्यापुढं ठेवायची. तशी रीतच होती.

एके वर्षी आक्कानं ते सूप मागं सारायला सुरुवात केली. "धान्य नगं बाई," ती म्हणायची. "तुमची पोरं आता मोठी झाली. त्यांची गोष्टीची पुस्तकं माळ्यावर पडली असतील, ती द्या."

बायकांना नवल वाटायचं. कुणी विचारायची, "आक्का, तुम्हाला वाचता येतं होय?"

"मला न्हाई येत. म्हणून तर मागतीया."

अशी ती मागत राहिली. कुणी चित्रांचं पुस्तक दिलं, कुणी पाट्या दिल्या. एका घरातून लाकडी अक्षरांची पेटी मिळाली, दुसऱ्या घरातून तारेत ओवलेल्या रंगीत मण्यांची चौकट. एका निवृत्त बाईंनी भारताचा नकाशा दिला, तो आक्कानं काठीसारखा खांद्यावर टाकून आणला. एका वकिलाच्या घरचा पृथ्वीचा गोल पोचा पडलेला होता, तोही तिनं सोडला नाही. पाटीत वर बांगड्या आणि खाली पुस्तकं. मान अवघडून जायची. पण खिंडीत बसून ती जरा दम खायची आणि पुढं चालू लागायची. कित्येक वर्षं हे चाललं होतं आणि गावात कुणाला पत्ता नव्हता.

एका सकाळी तिनं ते सगळं शाळेच्या दारात आणून ठेवलं. गुरुजी बघतच राहिले.

"गुरुजी, हे पोरांस्नी," आक्का म्हणाली. "माझ्या सगुणाच्या वक्ताला साळंत एकच पुस्तक हुतं. चौघी चार बाजूंनी बसून वाचायच्या. आता तसं नगं."

गुरुजींनी एकेक पुस्तक हातात घेऊन पाहिलं. "आक्का, याच्या बदल्यात तुम्हाला काय हवं?"

"मला काय हवं? पोरांनी वाचावं, आन् म्या दारात बसून ऐकावं. लई वर्सं ही वझी वाहिली, पण आत काय लिवलंय ते ठावं न्हाई." मग तिनं एक पुस्तक वर काढलं. मुखपृष्ठावर एक हत्ती विहिरीत डोकावत होता. "ह्यो हत्ती बघा. ह्याला खिंडीतनं आणताना दर वळणावर मनात यायचं, ह्यो विहिरीत काय बघत आसंल? पयलं हेच वाचा."

"पहिलं हेच वाचू," गुरुजी म्हणाले. तो शब्द त्यांनी अगदी मनापासून दिला होता.

पण एवढ्या मोठ्या दानाचा मान राखायला नको का? गुरुजी सरपंचांकडे गेले. सरपंच दौलतराव म्हणजे बारा गावचं पाणी प्यालेला माणूस. ते म्हणाले, "गुरुजी, ही संधी हाय. एवढी पुस्तकं तालुक्यात कुठल्या शाळेत न्हाईत. आपण तात्यासाहेबांच्या हस्ते उद्घाटन करू. ते खूश झाले, की तिथंच खोलीचा विषय काढू."

तात्यासाहेब म्हणजे तालुक्यातलं बडं प्रस्थ. त्यांनी मान हलवली की खोली उभी राहते, असा लौकिक होता. गुरुजींच्या डोळ्यांपुढं नवी खोली उभी राहिली. पुस्तकांचा मान राहील, आक्काचा सत्कार होईल आणि शाळेचंही भलं होईल. यात वाईट काय होतं? काहीच नव्हतं. म्हणून तर पुढचं सगळं घडलं.

सुतारानं कपाट केलं. त्याला काचेची दारं बसवली. पुस्तकं ओळीनं लावली, हत्तीचं पुस्तक पुढं दर्शनी ठेवलं. दोन्ही कड्यांतून लाल फीत ओवून सरपंचांनी तिला स्वतः गाठ मारली. उद्घाटनाआधी कपाट उघडायचं नाही, असं ठरलं.

तात्यासाहेबांनी दिवाळीनंतरचा दिवस दिला. दिवाळीनंतर त्यांचा उसाचा हंगाम सुरू झाला. मग संक्रांत म्हणाले. संक्रांतीला त्यांच्या व्याह्यांकडे काही दुःखद घडलं. मग निवडणूक लागली, मग लग्नसराई आली, मग पावसात खिंडीतला रस्ता वाहून गेला. नमनाला घडाभर तेल म्हणतात, इथं तेल संपत आलं तरी नमन होईना. उन्हानं फीत विटली तेव्हा गुरुजींनी तालुक्याहून नवी आणवली. जुनी सोडली, नवी बांधली. फीत बदलली. कपाट मात्र उघडलं नाही.

पोरं काचेला नाकं लावून उभी राहत. हत्ती विहिरीत काय बघतो, यावर त्यांच्यात पैजा लागत. एक म्हणे, त्याला तहान लागलीय. दुसरी म्हणे, त्याचं पिल्लू पडलंय. भांडण हातघाईवर आलं की गुरुजी ओरडत, "काचेवर हात लावू नका, डाग पडतील!" पाहुणे कधीही येतील म्हणून रोज शेवटच्या तासाला स्वागतगीताचा सराव चाले. दुसरीतल्या निम्म्या पोरांना जोडाक्षर वाचता येत नव्हतं, पण स्वागतगीत सगळ्यांना तोंडपाठ होतं.

आक्का बाजाराहून परतताना शाळेच्या दारात टेकायची. "गुरुजी, उघडलं का वो?"

"आता उघडणारच आक्का. तात्यासाहेबांचा निरोप येतोय."

ती पाटी उचलायची आणि घराकडे वळायची. एकदा ती अशीच दारात बसली असताना खेळता खेळता एका पोरीची बांगडी फुटली आणि ती रडू लागली. आक्कानं तिला जवळ ओढलं. "फुटली म्हणू नये बाळा, वाढवली म्हणावं. हातात हुती म्हणून वाढली. पेटीतली कधी वाढत न्हाई, पर तिचा आवाजबी कधी कुणी ऐकत न्हाई." तिनं पोरीला नवी बांगडी भरली आणि उठताना कपाटाकडे एकदा बघितलं. गुरुजींनी ते पाहिलं. त्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी ते मनातच ठेवलं.

पुढच्या थंडीत आक्कानं अंथरूण धरलं. त्याच आठवड्यात निरोप आला, तात्यासाहेब सोमवारी नक्की येणार. गुरुजी ही बातमी घेऊन लगबगीनं आक्काकडे गेले. दुपारची वेळ होती. आक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्या हाताची नुसती काडी झाली होती.

"आक्का, सोमवारी उद्घाटन! तुम्हाला पहिल्या खुर्चीवर बसवतो. साडीचोळी, नारळ, सगळं मानानं करू."

आक्का हळूच वळली. "सोमवार लांब हाय गुरुजी."

"असं बोलू नये आक्का."

"एक करा. तेवढं हत्तीचं पुस्तक आणा. एकाद्या पोराला हितं बसवा आन् वाचायला सांगा. खुर्ची नगं, साडी नगं. ह्यो हत्ती काय बघतो, तेवढं कळलं म्हंजी झालं. तुमास्नी ठावं असंल तर तुम्हीच सांगा."

 त्यांना ठाऊक नव्हतं. दीड वर्ष ते पुस्तक त्यांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर होतं आणि हत्ती विहिरीत काय बघतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

ते तडक शाळेत गेले. कपाटापुढं उभे राहिले. फितीची गाठ साधीच होती, एका ओढीत सुटली असती. त्यांनी ती चिमटीत धरलीही. मग मनात आलं, आता तीन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे. आधीच उघडलेलं कपाट तात्यासाहेबांनी उघडायचं म्हणजे त्यांचा अपमान. सरपंच काय म्हणतील? हाताशी आलेली खोली जाईल. पोरं पुन्हा पावसाळाभर पत्र्याखाली कानात बोटं घालून बसतील. एवढे दिवस थांबलो, आणखी थोडं थांबू. गुरुजींनी चिमूट सोडली आणि गाठ पुन्हा नीट केली.

रविवारी सकाळी आक्का गेली.

सोमवारी गावावर दुःखाचं सावट होतं, तरी पाहुणे येणार म्हणून पोरं धुतलेले कपडे घालून रांगेत उभी राहिली. ऊन चढलं. हार सुकले. दुपार कलल्यावर मोटारसायकलवरून एक माणूस आला. तात्यासाहेबांना अचानक दुसरीकडे जावं लागलं, ते पुढचा दिवस कळवतील, एवढं सांगून तो चहा पिऊन गेला. सरपंच म्हणाले, "मोठ्या माणसांचं असंच असतं गुरुजी. पुढच्या महिन्यात बघू."

 पोरांना घरी पाठवून गुरुजी एकटेच खोलीत बसून राहिले. आता फीत सोडली काय आणि ठेवली काय, असं त्यांना वाटलं. बैल गेला आणि झोपा केला, अशातली गत. ज्या एका माणसाला आत काय आहे ते ऐकायचं होतं, तेच माणूस राहिलं नव्हतं. रीत पाळता पाळता आपण दिलेला शब्द मोडला, हे त्यांना लख्ख दिसलं, आणि त्यांना रडू आलं.

आईचे दिवस करायला सगुणा आली होती. सगळं आटोपल्यावर सासरी परत जाण्याआधी ती धाकट्या लेकीला घेऊन शाळेत आली. लेकीचं नाव मंजू. चार-पाच वर्षांची असेल. शाळा भरलेली होती. सगुणा दारातच उभी राहिली.

"गुरुजी, आयनं गोळा केलेली पुस्तकं हितं हायेत म्हणं. लांबूनच बघते आन् जाते."

"लांबून का?" गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. ते उठले, कपाटाजवळ गेले. या वेळी त्यांनी गाठ सोडवत बसण्यात वेळ घालवला नाही. फीत धरून खसकन ओढली आणि दोन्ही दारं सताड उघडली. कोंदट वास खोलीभर पसरला. खालच्या ओळीतल्या काही पुस्तकांना कसर लागली होती, दोन-तीन पुस्तकांची पानं दमटपणानं एकमेकांना चिकटली होती. लाकडी अक्षरांची पेटी फुगून घट्ट बसली होती. हत्तीचं पुस्तक मात्र धड होतं. ते काढून त्यांनी सगुणाच्या हातात दिलं.

"ताई, तुम्ही वाचा. तुमच्या आईला ही गोष्ट ऐकायची होती."

सगुणा जमिनीवर बसली. पोरं तिच्याभोवती कोंडाळं करून बसली. तिनं पुस्तक उघडलं, थोडा वेळ त्याकडे बघितलं आणि मग ते फिरवून उलटं धरलं. खालचा भाग वर, वरचा खाली. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. सगुणाचा चेहरा पडला. तिनं पुस्तक मिटलं.

"मी लहान असताना बी अशीच हसली हुती सगळी," ती खाली बघत म्हणाली. "साळंत एकच पुस्तक. सुलट्या बाजूला आधी येणाऱ्या पोरी बसायच्या. मी आयसंगं काकणं भरायला जायची, मला उशीर व्हायचा. मग माझी जागा कायम समोरची. तिथनं अक्षरं उलटीच दिसायची. मी तशीच वाचायला शिकले. पुढं परीक्षेला सायबानं पुस्तक हातात दिलं आन् मला एक अक्षर लागंना. उलटं धरलं तवा घडाघडा वाचलं. सगळी हसली. त्या दिवशी साळा सुटली ती सुटलीच. आयला लई लागलं हुतं ते."

 आक्का पसाभर धान्याचं सूप का मागं सारत होती, खिंडीतून एवढं ओझं का वाहत होती, हे गुरुजींना आत्ता कळलं. आणि तेच ओझं आपण दीड वर्ष काचेआड बांधून ठेवलं, हेही कळलं.

ते पुढं आले आणि सगुणाच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले. त्यांनी पुस्तक उघडून स्वतःकडे सुलटं करून धरलं, म्हणजे ते समोरून सगुणाला हवं तसंच दिसत होतं.

"आता वाच बाळ," ते म्हणाले. "इथं कुणी हसणार नाही."

सगुणा वाचू लागली. आधी अडखळत, मग एका लयीत. एका विहिरीत एक कासव राहत होतं. उन्हाळ्यात विहीर आटली आणि कासव तळाशी चिखलात अडकलं. त्यानं हाका मारल्या, पण वाटेनं जाणारे नुसते डोकावून पुढं जात. एक हत्ती मात्र थांबला. तो लांबच्या नदीवर गेला, सोंड भरून पाणी घेऊन आला आणि विहिरीत ओतलं. पुन्हा गेला, पुन्हा आला. सगळे त्याला हसत होते. सोंडेनं कधी विहीर भरते का? हत्ती येत राहिला, जात राहिला. पाणी वर चढत गेलं, आणि पाण्याबरोबर कासवही काठापर्यंत वर आलं.

शेवटच्या पानावर सगुणाचा आवाज बसला. पुढचं तिच्याच्यानं वाचवेना. तेव्हा चौथीतली एक मुलगी गुरुजींच्या बाजूला सरकली आणि उरलेल्या ओळी तिनं सुलट्या बाजूनं वाचून संपवल्या.

त्या दिवसापासून कपाटाची दारं मिटली नाहीत. थोड्याच दिवसांत गुरुजींनी ती सुताराकडून काढूनच घेतली. लाकडी अक्षरं जमिनीवर मांडून पहिलीची पोरं आपापली नावं लावू लागली. ज्या पोराला वजाबाकी कधी जमली नव्हती, तो मणी इकडून तिकडे सरकवत हळू आवाजात मोजू लागला, आणि त्याला ती जमली. नकाशावर आपलं गाव सापडत नाही म्हणून पोरं रुसली, मग सगळ्यांनी मिळून शाईचा एक ठिपका तिथं दिला. पोचा पडलेला गोल हातोहाती फिरला. चौथीची पोरं पहिलीला गोष्टी वाचून दाखवू लागली, तेव्हा एकट्या गुरुजींना चौघांचं बळ आलं. आणि गुरुजींनी एक नवी रीत घातली. वाचताना रोज जागा बदलायची. समोर कुणी कायमचं बसायचं नाही.

एकदा एका मुलाच्या हातून पान फाटलं. तो पुस्तक घेऊन आला. गुरुजींनी डिंकाची बाटली काढली. "फाटलं म्हणू नये," ते म्हणाले. "तुझ्या हातात होतं म्हणून झालं." दोघांनी मिळून ते पान चिकटवलं.

तात्यासाहेब आले, पण पुढच्या पावसाळ्यानंतर. सरपंच धावतपळत त्यांना शाळेत घेऊन आले. स्वागतगीत झालं नाही, कारण पोरं आता ते विसरली होती. खोलीभर पोरं पुस्तकांत डोकी घालून बसली होती. सरपंच चपापले. "गुरुजी, कपाटाची दारं कुठं हायेत? आन् फीत?"

मंजू त्या वर्षी आईसोबत आजीच्या घरी शिकायला राहिली होती. ती पहिलीत होती, सगळ्यांत पुढं बसलेली. मांडीवर हत्तीचं पुस्तक सुलटं धरून ती एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचत होती. तिच्या दोन्ही वेण्यांना लाल फितीची फुलं बांधलेली होती.

"ती काय, तिथं आहे," गुरुजी म्हणाले.

तात्यासाहेब आल्या पावली परत गेले. शाळेला दुसरी खोली मिळाली नाही. पावसाळ्यात पत्रा अजूनही तसाच वाजतो. पण तो वाजू लागला की पोरं आता कानात बोटं घालत नाहीत, एकेक पुस्तक घेऊन मनात वाचत बसतात. आणि दारात आक्का टेकायची ती जागा गुरुजी रोज झाडून स्वच्छ ठेवतात. तिथं ते कुणाला चपला काढू देत नाहीत.

तात्पर्य: पुस्तक मुलाच्या हाती पडतं तेव्हाच देणाऱ्याचं दान पुरं होतं. मानपानासाठी जो ते अडवून धरतो, तो देणाऱ्याचाही मान राखत नाही आणि मुलाचंही भलं करत नाही.